दोन शिखरं हवी होती, एकच दिसतंय: कॅव्हिटी क्यूईडीतला नेहमीचा घोळ आणि तो सोडवायचा क्रम

दोन आरसे (ही जोडी म्हणजे कॅव्हिटी), मध्ये एक अणू, आरशांमधला प्रकाश आणि अणू एका सुरात. या जोडीचा अभ्यास म्हणजे कॅव्हिटी क्यूईडी. प्रोब लेझरची, म्हणजे आत सोडलेल्या तपासणीच्या प्रकाशाची, वारंवारता फिरवली की बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात कॅव्हिटीच्या एका शिखराची दोन होतात. यालाच व्हॅक्यूम राबी स्प्लिटिंग म्हणतात. वहीत हे अर्ध्या पानात उरकतं. टेबलावर मात्र ती दोन शिखरं दर काही महिन्यांनी गायब होतात आणि कोणीतरी दारात येऊन उभं राहतं, "कपलिंग गेलं." कपलिंग, म्हणजे अणू आणि प्रकाश यांची जोड, सहसा कुठेही गेलेलं नसतं.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कोणतं, ते आधी ओळखा.

- मधोमध एकच रुंद, चपट्या डोक्याचं शिखर.
- दोन शिखरं आहेत, पण त्यांच्यातलं अंतर हिशेबापेक्षा बरंच कमी.
- दोन शिखरं, एक उंच, एक बुटकं.
- तीन शिखरं, मधलं सगळ्यात ठसठशीत.
- अणू कॅव्हिटीत सोडलेच नाहीत, तरी दोन शिखरं.
- अणू सोडले काय, न सोडले काय, चित्र तेच.
- स्कॅन डावीकडून केला तर एक चित्र, उजवीकडून केला तर दुसरं.
- सकाळी सगळं छान, दुपारी काही नाही.

यातली निम्मी लक्षणं पहिल्या तीन तपासण्यांतच निकालात निघतात. म्हणून क्रम मोडू नका. मी मोडला आहे, आणि दोनदा व्हॅक्यूम चेंबर उघडायच्या गोष्टी करून शेवटी एक फिल्टर जागेवर ठेवून घरी गेले आहे.

आधी कागद-पेन्सिल: दिसायला काय हवं?

याला पैसे लागत नाहीत, म्हणून हे पहिलं. किती अंतर दिसायला हवं हेच माहीत नसेल, तर कमी दिसतंय की जास्त हे कशावरून म्हणणार?

उदाहरणासाठी एक कॅव्हिटी घेऊ आणि शेवटपर्यंत तिच्याच आकड्यांवर बोलू. आरशांमधलं अंतर २०० मायक्रोमीटर, आरशांची वक्रता त्रिज्या ५ सेंटिमीटर, फिनेस (आरसे प्रकाश किती घट्ट धरून ठेवतात त्याचा आकडा) १,००,०००, अणू रुबिडियम-८७, प्रकाश ७८० नॅनोमीटर. लागोपाठच्या दोन अनुनादांमधलं अंतर, म्हणजे एफएसआर, ७५० गिगाहर्ट्झ. त्याला फिनेसने भागा: कॅव्हिटीच्या शिखराची पूर्ण रुंदी ७.५ मेगाहर्ट्झ. अर्धी रुंदी म्हणजे कप्पा, ३.७५. अणूच्या संक्रमणाची पूर्ण रुंदी ६.०७ मेगाहर्ट्झ, म्हणून तिची अर्धी, म्हणजे गॅमा, साधारण ३. मोडची, म्हणजे आरशांमध्ये बसणाऱ्या प्रकाशाच्या आकाराची, कंबर (सर्वात अरुंद जागेची त्रिज्या) २३.५ मायक्रोमीटर येते. तिच्यावरून मोडचं आकारमान काढलं की जी, म्हणजे एका अणूचं एका फोटॉनशी असलेलं कपलिंग, येतं सुमारे १५.५ मेगाहर्ट्झ. हा आकडा सर्वात ताकदवान संक्रमणाचा आणि मोडच्या बरोबर मध्यावर, लहरीच्या पोटात बसलेल्या अणूचा.

दोन शिखरांमधलं अंतर जीच्या दुप्पट, म्हणजे ३१ मेगाहर्ट्झ. प्रत्येक शिखराची पूर्ण रुंदी कप्पा अधिक गॅमा, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आतबाहेर. सात रुंदीची दोन शिखरं ३१ वर उभी असतील तर ती डोळे मिटूनही दिसायला हवीत. तुमच्या आकड्यांत जीची दुप्पट ही कप्पा-गॅमाच्या बेरजेच्या आसपासच येत असेल, तर बिघाड शोधू नका. त्या कॅव्हिटीत दोन शिखरं सुटी दिसणारच नाहीत. हेही एकदा झालं आहे: आरशांमधलं अंतर कोणीतरी अर्ध्या मिलिमीटरच्या जागी पाच मिलिमीटर धरून आरसे मागवले होते.

तपासणी १: अणू बंद करा, रिकामी कॅव्हिटी बघा

बहुतेक जण हेच टाळतात, कारण रिकाम्या कॅव्हिटीत "बघण्यासारखं काही नसतं". माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. अणूंचा ट्रॅप (त्यांना धरून ठेवणारा सापळा) बंद, त्याच्या लेझरपुढे अडसर, आणि प्रोब फिरवा. एकच स्वच्छ शिखर यायला हवं, रुंदी ७.५ मेगाहर्ट्झ.

दोन शिखरं आली? अभिनंदनाची घाई करू नका. एका नव्या कॅव्हिटीत आम्हाला सुरुवातीला ९ मेगाहर्ट्झवर दोन शिखरं दिसत होती. हिशेब ३१ चा होता. दोन आठवडे आम्ही अणूंची संख्या, त्यांची जागा, चुंबकीय क्षेत्र, सगळ्यावर शंका घेतली. कपलिंग कमी पडतंय असं लिहून मोकळे झालो होतो. मग एका विद्यार्थ्याने प्रोबच्या वाटेतली हाफ-वेव्हप्लेट (प्रकाशाचं ध्रुवीकरण वळवणारी चकती) सहज म्हणून फिरवली आणि डावं शिखर बसत बसत पार नाहीसं झालं. आणखी फिरवली, तसं ते परत वर आलं आणि उजवं गेलं. खोलीत कोणी बोलेना. ती दोन शिखरं अणूंची नव्हतीच. आरसा चिकटवलेला गोंद सुकताना काचेवर ताण आला होता, त्या ताणाने दोन ध्रुवीकरणांसाठी कॅव्हिटीची लांबी किंचित वेगळी झाली होती, आणि एकाच मोडची दोन भावंडं झाली होती. अणू येवोत न येवोत, ती तिथेच राहणार.

फिनेस जितकी जास्त, तितका हा त्रास जास्त बोचतो, कारण फरक तेवढाच राहतो आणि शिखरं बारीक होत जातात. तर नियम साधा: वेव्हप्लेट फिरवून एखादं शिखर पूर्ण मरत असेल, तर तो बायरेफ्रिंजन्स, म्हणजे वर सांगितलेला ध्रुवीकरणांमधला फरक. अणूंनी केलेलं स्प्लिटिंग अणू काढल्यावर जातं, वेव्हप्लेटने नाही.

इथेच मोडही बघून घ्या. कॅमेऱ्यावर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा ठिपका गोल आहे की दोन-तीन तुकड्यांचा? आपल्या कॅव्हिटीत पुढचा आडवा मोड फक्त २१ गिगाहर्ट्झवर आहे. पिझोच्या (व्होल्टेजने आरसा सरकवणाऱ्या तुकड्याच्या) भाषेत सांगायचं तर आरसा जेमतेम ११ नॅनोमीटर सरकला की लॉक, म्हणजे कॅव्हिटीची लांबी धरून ठेवणारी यंत्रणा, शेजारच्या मोडवर जाऊन बसतो, आणि लॉकचा दिवा हिरवाच राहतो. दोन तुकड्यांच्या मोडमध्ये नेमका मध्यावर अंधार असतो. अणू मध्यातून पडत असतील तर त्यांना तिथे प्रकाश भेटतच नाही.

रुंदी मोजताना पिझोच्या व्होल्टेजवर विसंबू नका. पिझो सरळ रेषेत हलत नाही. प्रोबवर ईओएमने (विजेच्या सिग्नलने प्रकाश बदलणाऱ्या स्फटिकाने) ५० मेगाहर्ट्झचे साइडबँड, म्हणजे बाजूच्या वारंवारता, चढवा, स्कोपवर मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी पिल्लं दिसतील. त्यांच्यातलं १०० मेगाहर्ट्झ अंतर हीच तुमची पट्टी. रुंदी लिहून ठेवा, तारखेसकट. तो आकडा शेवटच्या तपासणीत लागणार आहे.

तपासणी २: प्रोब किती प्रखर आहे?

"मधोमध एकच चपटं शिखर" या लक्षणाचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण, आणि दुरुस्ती फुकटात.

एक अणू एका वेळी एकच फोटॉन शोषतो. कॅव्हिटीत फोटॉन वाढले की अणू गांगरतो, संपृक्त होतो, आणि मग कॅव्हिटीला तो नसल्यासारखाच. जेन्स आणि कमिंग्ज यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या मॉडेलात हे शिडीसारखं दिसतं. पहिल्या पायरीवर दोन पातळ्यांमधलं अंतर ३१ मेगाहर्ट्झ. दुसऱ्या पायरीवर ते दोनच्या वर्गमूळाने वाढून ४४. पायऱ्या वर जातात तसं हे अंतर वाढतं, पण वाढीचा वेग मंदावतो, त्यामुळे लागोपाठच्या पायऱ्यांमधल्या उड्यांची वारंवारता कॅव्हिटीच्या मूळ वारंवारतेकडे सरकत जाते. जास्त प्रकाश म्हणजे वरच्या पायऱ्या वापरात, आणि वरच्या पायऱ्या म्हणजे मधली दरी भरणं. आपल्याला हवीय फक्त पहिली पायरी.

किती प्रकाश चालेल? आपल्या कॅव्हिटीचा संपृक्ती आकडा, म्हणजे गॅमाचा वर्ग भागिले जीच्या वर्गाची दुप्पट, ०.०१९ येतो. सरासरी पन्नासाव्या हिश्शाचा फोटॉन आत असला तरी अणूला तो जाणवायला लागतो. प्रत्येक आरशातून २५ पीपीएम (दहा लाखांत २५ भाग) प्रकाश पार जातो आणि ६ पीपीएम वाया जातो असं धरा. मग आत सरासरी एक फोटॉन असताना एका आरशातून सुमारे ५ पिकोवॅट बाहेर येतात. पन्नासावा हिस्सा म्हणजे ०.१ पिकोवॅट. ही पॉवर हातातल्या पॉवर मीटरवर शून्यच दिसते. मीटरवर काही दिसतंय म्हणजेच ते जास्त आहे, असं मी नव्या मुलांना सांगते.

तर करायचं काय? प्रोब दहापट कमी करा आणि पुन्हा स्कॅन घ्या. चित्र बदललं तर अजून दहापट कमी करा. चित्र बदलायचं थांबलं की तुम्ही योग्य जागी आलात. काउंट (मोजलेले फोटॉन) कमी झाले म्हणून कुरकुर होईल. होऊ द्या, जास्त वेळ मोजा.

आणि वाटेतले एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश मंद करणाऱ्या काचा, मोजा, हाताने. अलाइनमेंट करताना प्रकाश हवा म्हणून फिल्टर काढला जातो आणि लेन्स पुसायच्या कागदात गुंडाळून टेबलाच्या कोपऱ्यात राहतो. मला तो एकदा तिथेच सापडला, वर चहाच्या कपाचा ओला गोल उमटलेला.

स्कॅनची दिशा बदलल्यावर चित्र बदलत असेल तर तेही बहुधा इथलंच: बरेच अणू आणि प्रखर प्रोब असले की एकाच इनपुटला दोन स्थिर उत्तरं असतात, आणि तुम्ही कुठून आलात यावर कोणतं मिळेल ते ठरतं. मात्र प्रोब अगदी मंद करूनही दिशेचा फरक राहिला, तर संशय लॉकच्या प्रकाशाने तापणाऱ्या आरशांवर घ्या.

तपासणी ३: अणू येतात तरी का, आणि कधी?

चित्र रिकाम्या कॅव्हिटीसारखंच राहत असेल तर आधी घड्याळ बघा. अणूंचा ढग कॅव्हिटीच्या ५ मिलिमीटर वर असेल तर सोडल्यापासून ३२ मिलिसेकंदांनी तो आरशांमध्ये पोचतो. वेग साधारण ०.३१ मीटर प्रति सेकंद, मोड पार करायला प्रत्येक अणूला सुमारे १५० मायक्रोसेकंद. आमचं मोजणीचं दार ३० ते ३५ मिलिसेकंद असं उघडं असायचं. कोणीतरी कॉइलचा करंट बदलून ढग दोन मिलिमीटर वर नेला, चांगल्या हेतूने. पडायचा वेळ ३८ झाला. तीन दिवस आम्ही बंद दारावर पाहुण्यांची वाट बघत बसलो. दार काही काळ सताड उघडं ठेवून नुसते काउंट वेळेवर मांडा. खळगा कुठे पडतो ते दिसलं की दार तिथे न्या.

दुसरं, रिपम्पर, म्हणजे घसरलेल्या अणूंना परत वर आणणारा लेझर. रुबिडियम-८७ च्या तळाच्या दोन पातळ्यांमध्ये ६.८ गिगाहर्ट्झचं अंतर आहे. अणू एकदा खालच्या पातळीत घसरला की कॅव्हिटीच्या दृष्टीने तो अदृश्य. रिपम्पर लेझर लॉकवरून निसटला असेल तर ढग दिसतो फिका, पण दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मॉनिटरकडे न बघता त्याच्या स्पेक्ट्रोस्कोपीचा सिग्नल स्कोपवर स्वतः बघा.

तपासणी ४: उंची वेगवेगळी, म्हणजे सूर जुळलेला नाही

एक शिखर उंच आणि दुसरं बुटकं असेल, तर कॅव्हिटी आणि अणू यांच्या वारंवारतांत फरक आहे. उंच शिखर कॅव्हिटीकडे झुकलेलं, बुटकं अणूकडे. फरक असताना शिखरांमधलं अंतरही फुगतं: जीच्या दुपटीचा वर्ग आणि फरकाचा वर्ग यांच्या बेरजेचं वर्गमूळ. फरक ३१ मेगाहर्ट्झ असेल तर अंतर ४४ दिसतं, आणि मग कोणीतरी आनंदाने "कपलिंग वाढलं" म्हणतं. म्हणून अंतर मोजण्याआधी उंची सारखी करा, नंतर पट्टी लावा.

जुळवायची पद्धत: प्रोब रुबिडियम सेलच्या (रुबिडियमची वाफ भरलेल्या नळीच्या) आधाराने अणूच्या वारंवारतेवर आणा, अणू सोडू नका, आणि लॉक लेझरचा ऑफसेट बदलून प्रोबचा प्रकाश जास्तीत जास्त बाहेर येईल असं करा. इतकं करूनही शिखरं तिरकीच राहिली, तर लॉकचा प्रकाशच अणूच्या पातळ्या सरकवतो आहे.

हे जरा खोलात सांगते, कारण इथे माणसं फार वेळ घालवतात. कॅव्हिटी स्थिर ठेवायला दुसऱ्या रंगाचा लेझर सतत आत असतो. तो बाहेर १ मायक्रोवॅट दिसला तर क्षुल्लक वाटतो. पण आरशातून २५ पीपीएमच बाहेर येतात, म्हणजे आत फिरणारा प्रकाश ४० मिलिवॅट, तोही २३.५ मायक्रोमीटरच्या कमरेत. तीन-चार नॅनोमीटर लांबच्या रंगाचा एवढा प्रकाश अणूची वारंवारता दहा-वीस मेगाहर्ट्झ सहज सरकवतो. लॉकची पॉवर निम्मी करा. शिखरांच्या उंचीचा तोल बदलला की गुन्हेगार सापडला. एकतर लॉकची पॉवर कमी करा, नाहीतर हा सरक मोजून ऑफसेटमध्ये धरा.

"सकाळी छान, दुपारी नाही" याचं उत्तरही बहुधा इथेच. लॉकच्या मॉड्युलेटरमधून प्रकाशाची तीव्रताही थोडी थरथरते, ती थरथर तापमानासोबत बदलते, आणि तिच्यामुळे एरर सिग्नलचं (लॉक किती चुकला ते सांगणाऱ्या सिग्नलचं) शून्य हळूहळू सरकतं. लॉक टिकून राहतो, फक्त चुकीच्या जागी टिकतो. लॉकच्या रंगाला आरशांची फिनेस कमी असेल तर त्या चुकीचा फटका मेगाहर्ट्झमध्ये आणखी मोठा. दर तासाला रिकाम्या कॅव्हिटीची वारंवारता तपासायची सवय लावली की हे दुखणं मुळात होतच नाही.

अणू ट्रॅपमध्ये अडकवून मोजत असाल तर अजून एक फट आहे. प्रोब एका बाजूला अणूला तापवतो आणि दुसऱ्या बाजूला तितका तापवत नाही. तापलेला अणू निघून जातो, आणि त्या बाजूचं शिखर बुटकं राहतं. प्रोबच्या वारंवारता क्रमाने न घेता उलटसुलट घ्या, आणि प्रत्येक मोजणीनंतर अणू अजून तिथे आहे का ते बघा.

तपासणी ५: ध्रुवीकरण आणि चुंबकीय क्षेत्र

थोडक्यात उरकते. आपला १५.५ चा आकडा एका ठराविक संक्रमणाचा आहे: वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाश, आणि अणू टोकाच्या उपपातळीत. प्रकाश सरळ रेषेत ध्रुवीकृत असेल किंवा अणू उपपातळ्यांत विखुरलेले असतील तर जी कमी होतं आणि प्रत्येक अणूचं वेगळं होतं. शिखरं जवळ येतात आणि फुगतात. दिशा देणारं चुंबकीय क्षेत्र कॅव्हिटीच्या अक्षाला समांतर आहे ना, ते बघा. त्याची किंमत हिशेबात धरा: या संक्रमणाला एका गॉसमागे १.४ मेगाहर्ट्झ. आणि तपासणी १ मधला बायरेफ्रिंजन्स इथे पुन्हा आडवा येतो. कॅव्हिटीची दोन भावंडं ९ मेगाहर्ट्झवर असतील तर शुद्ध वर्तुळाकार प्रकाश आत टिकतच नाही.

तपासणी ६: अणू नक्की कुठे आणि किती?

आरशांमधला प्रकाश उभी लहर आहे. पोटात कपलिंग पूर्ण, गाठीत शून्य, आणि मध्यापासून बाजूला जाल तसं कमी. अणू स्वैर पडत असतील तर प्रत्येकाचं जी निराळं, आणि सरासरीत शिखरं आत सरकतात आणि पसरतात.

तीन शिखरांचं कोडं इथे सुटतं. मधलं शिखर म्हणजे आत कोणीच नसतानाचे क्षण. आपल्या आकड्यांत एक नीट बसलेला अणू मधल्या वारंवारतेचा प्रकाश जवळजवळ पाचशेपट कमी करतो, म्हणजे दरी काळीकुट्ट हवी. ती भरलेली असेल तर रिकामे क्षण तुमच्या सरासरीत घुसले आहेत. उपाय: आधी मधल्या वारंवारतेवर काउंट बघा, ते पडले तरच पुढची मोजणी नोंदवा. फक्त लक्षात असू द्या की यात तुम्ही चांगले बसलेले अणूच निवडता. निवडीची अट किती कडक ठेवली होती ते आलेखाखाली लिहा.

अणू एकाऐवजी चार असतील तर अंतर दुप्पट होतं, कारण ते अणूंच्या संख्येच्या वर्गमूळाने वाढतं. त्यामुळे अंतर हिशेबापेक्षा जास्त आलं तरी पेढे वाटू नका. शिवाय अनेक अणूंचं स्प्लिटिंग शोषण आणि अपवर्तनाच्या साध्या, अभिजात हिशेबानेही तसंच्या तसं मिळतं. एका अणूचा आग्रह उगाच नव्हता. कॅलटेकमध्ये थॉम्पसन, रेम्पे आणि किंबल यांनी १९९२ मध्ये सीझियमच्या झोतावर, सरासरी एखादाच अणू आत असताना, ही दोन शिखरं दाखवली. एकाच अडकवलेल्या अणूचा पूर्ण स्पेक्ट्रम मिळायला २००४ उजाडावं लागलं.

अणू कॅव्हिटीतल्याच उभ्या लहरीत अडकवत असाल तर अर्ध्या तरंगलांब्या मोजा. आपल्या कॅव्हिटीत ७८० नॅनोमीटरच्या सुमारे ५१३ अर्ध्या तरंगलांब्या बसतात. ट्रॅपच्या रंगाची संख्या यापेक्षा विषम आकड्याने वेगळी असेल, तर कॅव्हिटीच्या मध्याच्या आसपास ट्रॅपचं पोट आणि प्रोबची गाठ एकाच जागी येतात. अणू आहेत, पक्के अडकलेले आहेत, आणि त्यांना प्रोब दिसतच नाही. ट्रॅपचा लेझर एक एफएसआर, म्हणजे दीड नॅनोमीटर, बाजूला नेला की सगळं जागेवर येतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला स्वतःवर हसू आलं होतं.

तपासणी ७: आरसे थरथरतात का?

इथून पुढे कष्ट आहेत. आपल्या कॅव्हिटीचा एक आरसा ३.९ पिकोमीटर सरकला तर शिखर स्वतःच्या पूर्ण रुंदीइतकं सरकतं. हायड्रोजनचा अणू साधारण १०० पिकोमीटर रुंद असतो, त्याचा पंचविसावा भाग. थरथर असेल तर दोन्ही शिखरं फुगतात, दरी भरते, आणि फिनेस गेली असा भास होतो.

खरी रुंदी आणि थरथरीने फुगलेली रुंदी वेगळी कशी करायची? प्रकाश झटकन बंद करून आतला प्रकाश किती वेळात ओसरतो ते मोजा. तो वेळ थरथरीला दाद देत नाही. आपल्या कॅव्हिटीत तो २१ नॅनोसेकंद. ढिल्या फोकसवरचा एओएम (ध्वनिलहरींनी प्रकाश वळवणारं उपकरण) इतक्या वेगात बंद होत नाही, त्यात बीम अगदी बारीक फोकस करावा लागतो, नाहीतर ईओएम वापरा. ओसरण्याचा वेळ बरोबर आणि स्कॅनमधली रुंदी जास्त, म्हणजे दोष लॉकचा.

मग एकेक करून बंद करत जा: टर्बो पंप, लेझरचा चिलर, पंखा. बाहेर आलेल्या प्रकाशाचा नॉइज स्पेक्ट्रम अॅनालायझरवर ठेवा आणि काय बंद केल्यावर कोणता काटा खाली बसतो ते बघा. पिझोचा अॅम्प्लिफायर विसरू नका. समजा १०० व्होल्टमध्ये पिझो एक एफएसआर, म्हणजे ३९० नॅनोमीटर, जातो. मग १ मिलिव्होल्टचा गोंगाट आरशाला ३.९ पिकोमीटर हलवतो, म्हणजे पूर्ण एक रुंदी. अॅम्प्लिफायर आणि पिझोच्या मध्ये एक रेझिस्टर टाकला की पिझोच्या स्वतःच्या कपॅसिटन्ससोबत तो फिल्टर होतो. काही पैशांची वस्तू आहे. बदल करण्याआधी अॅम्प्लिफायर बंद करा आणि पिझो रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा. तारा थेट शॉर्ट करू नका, हातालाही झटका आणि आरशालाही.

इथे थांबा

ओसरण्याचा वेळच कमी झाला असेल, म्हणजे २१ च्या जागी १२ नॅनोसेकंद, आणि मागच्या तारखांची रुंदी चढत गेलेली असेल, तर आरसे मळले आहेत किंवा त्यांच्यावर रुबिडियम बसलं आहे. पुढे हात लावू नका. निर्वात चेंबर उघडून आरसा पुसायचा मोह होतो. काही पीपीएमच्या नुकसानाचा हिशेब असलेल्या पृष्ठभागावर कापसाचा एक चुकीचा फेर म्हणजे कॅव्हिटी संपली. आरशांवर कोटिंग करणारे आणि अतिनिर्वात यंत्रणा सांभाळणारे लोक यासाठीच असतात. चेंबर तापवून बघायचा असेल तरी गोंद आणि पिझो किती तापमान सोसतात हे त्यांना विचारूनच.

पिझो हलतच नसेल, त्याच्या वायरवर शेकडो व्होल्ट असताना ठिणगीचा आवाज येत असेल, किंवा चेंबरचा दाब कारण नसताना चढत असेल, तरीही थांबा. पहिल्या दोन गोष्टींना इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, तिसरीला निर्वाताचा. आणि या सगळ्या शोधाशोधीत ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम लालसर दिसतो, म्हणून तो अशक्त वाटतो. तसा तो नाही. बीमच्या उंचीला वाकताना चष्मा डोळ्यांवर हवा, खिशात नाही.

त्यांना बोलवताना हातात एवढं असू द्या: रिकाम्या कॅव्हिटीची रुंदी तारखांसकट, ओसरण्याच्या वेळेचा आलेख, वेव्हप्लेट फिरवतानाची दोन्ही शिखरं, दाबाची नोंद, आणि शेवटची दोन शिखरं ज्या दिवशी नीट दिसली तो दिवस. त्या दिवसानंतर टेबलावर काय काय हललं, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल.